चूल, खोली आणि पाहुणा : कोकणातील घरगुती निवासाचे विवेचन

१. विषय आणि मांडणी

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगतच्या गावांतून जाताना वाडीच्या फाटकावर एक पाटी वारंवार भेटते : 'घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय'. या व्यवसायाबद्दल बोलताना जाहिरातवाले कोकणी पाहुणचाराचे गोडवे गातात आणि सरकारी कागद ग्रामीण रोजगाराची भाषा करतात. दोघेही मोजतात मात्र एकच गोष्ट, ती म्हणजे खोल्या. गावात खोल्या किती, त्यांत एसी किती, समुद्रापासून अंतर किती.

प्रस्तुत विवेचनाचा मुद्दा असा की, घरगुती निवासाची क्षमता, त्याचे दर, त्याचे नियम आणि त्याचा ऱ्हास या चारही गोष्टींचे मूळ स्वयंपाकघरात सापडते. कर्ज काढून खोली वाढवता येते. चुलीपाशी राबणारे हात तसे वाढवता येत नाहीत.

उदाहरणांसाठी मुख्यतः रायगड जिल्ह्यातील दिवेआगर आणि रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास ही दोन गावे डोळ्यांसमोर ठेवली आहेत. रिसॉर्ट, फार्महाऊस आणि कृषी पर्यटन केंद्रे यांचा विचार येथे केलेला नाही.

२. व्याख्या

तीन अटी पुऱ्या होतात तेथे घरगुती निवास आहे असे म्हणता येईल. एक, मालकाचे कुटुंब त्याच आवारात राहते. दोन, पाहुण्याचे जेवण ते कुटुंब किंवा गावातलेच दुसरे कुटुंब आपल्या स्वयंपाकघरात रांधते. तीन, पाहुणा आला नाही तरी घर चालते, म्हणजे वाडी, शेती, नोकरी किंवा पेन्शन असे उत्पन्नाचे दुसरे साधन घराला असते.

कायद्याने यांतली पहिली अट ओळखली आहे. केंद्र सरकारच्या 'अतुल्य भारत' न्याहारी-निवास योजनेत मालकाने सहकुटुंब तेथे राहणे आवश्यक आहे आणि पाहुण्यांसाठीच्या खोल्या जास्तीत जास्त सहा असू शकतात. किनारपट्टी नियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचना गावकऱ्यांना 'होम स्टे' चालवण्याची मुभा देते ती घराचे जोते, रचना आणि दर्शनी भाग न बदलण्याच्या अटीवर. म्हणजे कायद्याला घर हवे आहे, इमारत नको. पण दोन्ही ठिकाणी कायद्याची नजर भिंतींपाशी थांबते. रांधते कोण, किती जणांसाठी आणि कोणाच्या मदतीने, हे तो विचारत नाही.

३. उगमाची कारणे

पहिले कारण रिकामे घर. कोकणातली कर्ती पिढी शंभर वर्षांहून अधिक काळ मुंबईच्या गिरण्यांत आणि कचेऱ्यांत गेली. गावी मोठी घरे आणि थोडी माणसे राहिली. ही घरे गणपतीत आणि शिमग्याला भरत, एरवी माजघरात दोन म्हाताऱ्या माणसांचा वावर. भाड्याने द्यायची जागा व्यवसाय सुरू होण्याआधीच उभी होती.

दुसरे कारण येणाऱ्याला निमित्त मिळणे. दिवेआगरला १७ नोव्हेंबर १९९७ रोजी सुपारीच्या वाडीत खोदकाम करताना सोन्याचा गणेशमुखवटा सापडला आणि गावाकडे भाविकांची रीघ लागली. दर्शन अर्ध्या तासाचे, पण मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाला दुपारी जेवायला लागते, आणि जेवण झाल्यावर समुद्र दिसला की मुक्काम करावासा वाटतो. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडून तो मुखवटा गेला. तरी पर्यटक येत राहिले, कारण तोवर गावाची ओळख किनारा आणि उकडीचे मोदक यांच्याशीही जोडली गेली होती.

वेळासचे निमित्त वेगळे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन तेथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले. वाळूत पुरलेल्या अंड्यांतून साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात आणि त्यांना सकाळी व संध्याकाळी समुद्रात सोडतात. पिल्ले कोणत्या दिवशी निघतील हे नेमके सांगता येत नाही. संध्याकाळी दिसली नाहीत तर पहाट गाठावी लागते, आणि पहाट गाठायची तर गावात झोपावे लागते. मुक्कामाची गरज इथे कासवाच्या जीवनक्रमानेच निर्माण केली. ती भागवायला मोठे हॉटेल नव्हते, म्हणून पाहुणे घराघरांत वाटले गेले.

४. घराच्या रचनेत होणारे बदल

जुने कोकणी घर चिऱ्याचे आणि कौलारू. पुढे खळे, मग पडवी, ओटी, माजघर, त्याला लागून देवघर व स्वयंपाकघर, मागे परस आणि न्हाणी. पाहुणा या रचनेत शिरतो तो सामान्यतः तीन टप्प्यांनी.

पहिल्या टप्प्यात पडवीची एक बाजू बंद करून किंवा माडी झाडूनपुसून खोली होते. न्हाणी सामायिक, अंघोळीचे पाणी परसातल्या चुलीवर झावळ्या आणि करवंट्या जाळून तापवलेले. येता-जाता पाहुणा माजघरातून जातो. कोणी आजारी आहे, कोणाची परीक्षा आहे, आज घरात एकादशी आहे, हे त्याला न सांगता कळते.

दुसऱ्या टप्प्यात गोठा हलवून किंवा परसाची जागा घेऊन दोन-तीन खोल्या बांधतात, संडास-बाथरूम खोलीला जोडलेले. तिसऱ्या टप्प्यात वाडीतली झाडे कमी करून स्वतंत्र इमारत उभी राहते. एसी बसवायचा तर कौलांच्या फटींतून गारवा टिकत नाही, म्हणून स्लॅब येतो.

तिन्ही टप्प्यांत स्वयंपाकघर जुन्याच घरात राहते. प्रत्येक टप्प्यागणिक पाहुणा त्यापासून दूर जातो आणि पाहुण्यांची संख्या वाढते. पडवीतला पाहुणा चहा हवा असेल तर दारात येऊन उभा राहायचा आणि शेगडीवर चार भांडी दिसली की पाच मिनिटे थांबायचा. इमारतीतला पाहुणा फोन करतो. त्याला शेगडी दिसत नाही.

५. स्वयंपाकघराचे गणित

समजा, चार खोल्यांत बारा माणसे उतरली आहेत आणि घरात सासू व सून अशा दोघी आहेत. शनिवारी रात्रीच्या शाकाहारी ताटात पोळ्या, वालाचे बिरडे, बटाट्याची भाजी, आमटी, भात, पोह्याचा पापड, सोलकढी आणि माणशी दोन मोदक आहेत.

मोदक चोवीस. त्यासाठी तीन-चार नारळ फोडून खवायचे, गूळ घालून सारण शिजवायचे, तांदळाच्या पिठीची उकड काढायची. उकड गरम असतानाच तेला-पाण्याचा हात लावून मळावी लागते. गार झाली तर कडा चिरतात आणि पाकळ्या धरत नाहीत. सराईत हाताला एका मोदकाला दोन मिनिटे धरली, तर नुसते वळण्यालाच पाऊण तास जातो. नंतर चाळणीत केळीचे किंवा हळदीचे पान घालून वाफवायचे.

पोळ्या माणशी तीन, एकूण छत्तीस. लाटून भाजायला दीड मिनिट धरले तरी जवळजवळ तास. त्या आधी करून ठेवल्या तर ताटात गार पडतात आणि पाहुण्याने पैसे मोजलेले असतात ते गरम पोळीसाठी. म्हणून पंगत बसल्यावर एकजण तव्यापाशी अडकते, दुसरी वाढते. भांडी, ओटा आणि दुसऱ्या दिवशीच्या आंबोळीचे पीठ पाहायला दोघींपैकी कोणाचेच हात मोकळे नसतात. रात्री अकराला आवरते. सकाळी पुन्हा माणशी तीन आंबोळ्या एकाच तव्यावर एकेक घालायच्या, म्हणजे परत छत्तीस.

या हिशेबात बारा हा आकडा सुखाचा नाही, तो काठावरचा आहे. पाचवी खोली बांधली की आणखी तीन माणसे येतात, नऊ पोळ्या आणि सहा मोदक वाढतात. तवा तोच आणि हात तेच.

पाहुण्यांना जाचक वाटणारे बरेचसे दंडक याच गणितातून येतात. दुपारीच फोन येतो :

"रात्री किती पानं धरू? आणि मोदक हवे असतील तर आत्ताच सांगा."

"काकू, आम्ही बीचवरून आल्यावर सांगितलं तर?"

"मग आमटी-भात मिळेल, मोदक नाही."

यात तुसडेपणा नाही, वेळापत्रक आहे. मेनू कार्ड नसणे, सगळ्यांना एकच ताट असणे, साडेनऊनंतर जेवण न मिळणे, यांचेही कारण तेच. जपानमधल्या 'मिन्शुकु' नावाच्या कौटुंबिक निवासांत पाहुणा आपले अंथरूण बहुधा स्वतःच घालतो आणि जेवण ठरलेल्या वेळी, ठरलेले असते. दोन्हीकडे कुटुंबाने एकच तोडगा काढला आहे : सेवा मोजकी ठेवायची आणि हात स्वयंपाकासाठी राखायचे.

६. दर आणि उत्पन्न

पाहुण्याकडून दोन वेगळ्या रकमा येतात, खोलीचे भाडे आणि ताटाचे पैसे. त्यांचा स्वभाव भिन्न आहे. खोलीचे भाडे एसी, टीव्ही, समुद्राचे अंतर आणि हंगाम दाखवून वाढवता येते. ताटाचा दर शेजारच्या खाणावळीकडे बघून ठरतो आणि तिथेच अडकतो. तीनशे रुपये जास्त देऊन एसी घेणारा पाहुणा ताटामागे तीस रुपये वाढले की कुरकुरतो. परिणामी हाती आलेली बचत आणि बँकेचे कर्ज दोन्ही खोल्यांत जातात, स्वयंपाकघरात मिक्सरपलीकडे फारसे काही येत नाही.

ताटाचा खर्च काढताना घरात तांदूळ, नारळ, गॅस, दूध धरले जाते. सासू-सुनेची मजुरी धरली जात नाही. बाहेरची बाई मदतीला ठेवली की मात्र तिचा रोज लगेच खर्चात दिसतो. म्हणून घरगुती ताट स्वस्त पडते हे विधान अपुरे आहे. ते स्वस्त दिसते, कारण त्यातला सर्वांत मोठा खर्च वहीत लिहिलेलाच नसतो. ॲडव्हान्सही बहुतेक घरांत मुलाच्या किंवा नवऱ्याच्या मोबाइलवर जमा होतो. राबणारी एक आणि हिशेब दुसऱ्याच्या हाती, ही या व्यवसायातली सर्वांत जुनी त्रुटी आहे.

दिवसही मोजके असतात. पावसाचे चार महिने सोडले तर वर्षात पस्तीसेक शनिवार-रविवार उरतात. त्यांत मे महिन्याची सुट्टी, दिवाळीनंतरचा आठवडा आणि नाताळ ते ३१ डिसेंबर एवढी भर. बाकी दिवस खोल्या बंद. हॉटेलला हे परवडत नाही, घराला परवडते, कारण सोमवारी घर पुन्हा वाडीकडे वळते. व्याख्येतली तिसरी अट येथे उपयोगी पडते. वाडी नुसते दुसरे उत्पन्न देत नाही, ती ताटाला नारळ, कोकम आणि केळीचे पान पुरवते, न्हाणीला जळण पुरवते आणि पाहुण्याला सावली देते.

ही सांगड किती नाजूक आहे ते ३ जून २०२० रोजी दिसले. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, दिवेआगर भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्याच वेळी टाळेबंदीने पर्यटन थांबलेले. एरवी एक पाय घसरला तर दुसरा तोलून धरतो, त्या वर्षी दोन्ही एकदम गेले. खोल्या पुढच्या हंगामात भरू शकतात. सुपारीचे नवे झाड धरायला मात्र पाच-सात वर्षे लागतात. तेवढा काळ घर पाहुण्यांवरच विसंबते आणि तिसरी अट आपोआप गळून पडते.

७. पाणी

स्वयंपाकघराच्या खालोखाल दुसरी मर्यादा विहिरीची. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे, शहरी पुरवठ्याचे प्रमाण १३५ लिटर. शहरातून आलेला माणूस शहरातल्या सवयीने वापरतो, त्यात समुद्रात डुंबून आल्यावर दुसरी अंघोळ. बारा पाहुण्यांचे सोळाशे लिटर होतात. गावच्या मापाने तेवढ्यात एकोणतीस माणसांचा दिवस भागतो.

किनाऱ्यालगतच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. मे महिन्यात, पर्यटक सर्वाधिक आणि विहीर सर्वांत खोल गेलेली असताना, पंपाने जोरात उपसा केला की खालचे खारे पाणी वर चढते. ते आधी चहाला कळते, मग पोफळीला. शोषखड्डा विहिरीच्या जवळ असेल तर दुसरा धोका त्यात मिळतो. म्हणजे चार खोल्यांच्या जागी आठ खोल्या बांधल्या तर वाडीचे नुकसान दोनदा होते : एकदा जागेत, एकदा पाण्यात.

८. नियम आणि त्यांचा अर्थ

घरगुती निवासाचे नियम तीन गटांत पडतात. पहिला गट श्रमाचा, त्याचा विचार वर आला आहे. दुसरा गट घराच्या मर्यादेचा : देवघराकडे चपला न्यायच्या नाहीत, दारू चालणार नाही, दहानंतर गाणी बंद. शाकाहारी घरात मासे शिजत नाहीत. पण पाहुण्याला सुरमई हवी असेल तर तीन घरे सोडून असलेल्या खाणावळीचा नंबर तेच कुटुंब देते. मुक्काम एका घरी, जेवण दुसऱ्या घरी, ही वाटणी अनेक गावांत रुळली आहे आणि तिच्यामुळे एका चुलीवरचा भार दोन चुलींवर जातो.

याच गटात 'फक्त कुटुंबांसाठी' हा नियम येतो. आवारात लेकी-सुना वावरतात, रात्री काही झाले तर बघायला रखवालदार नसतो, हे त्याचे समर्थन समजण्यासारखे आहे. तरी तो सरसकट लावला की एकट्या फिरणाऱ्या बाईलाही दार बंद होते, आणि तिच्यापासून घराला कसलाच उपद्रव नसतो. वागणुकीवर नियम असावा, पाहुण्याच्या वैवाहिक स्थितीवर नसावा.

तिसरा गट दिनदर्शिकेचा. गणपतीत खोल्या मिळत नाहीत, कितीही पैसे देऊ केले तरी. मुंबईचे चाकरमानी येतात, एसीच्या खोलीत चुलतभाऊ झोपतात आणि स्वयंपाकघरात सात-आठ जणी असतात. एरवी बारा ताटांना थकणारी चूल त्या आठवड्यात चाळीस ताटे सहज काढते. घराची खरी क्षमता हातांवर ठरते याचा याहून स्पष्ट पुरावा शोधायला नको.

९. ऱ्हासाचे टप्पे आणि एक आक्षेप

खोल्या वाढत गेल्या की स्वयंपाकघर चार प्रकारे उत्तर देते. मदतनीस ठेवणे हा पहिला. जेवण शेजारच्या खाणावळीकडे सोपवणे हा दुसरा. पगारी आचारी आणून मेनू कार्ड छापणे हा तिसरा. तेथे बिरड्याच्या जागी पनीर आणि हक्का नूडल्स येतात, कारण आचाऱ्याला तेच येते. कुटुंबाने शहरात राहून जागा कंत्राटाने चालवायला देणे हा चौथा. पहिल्या दोन प्रकारांत घरगुती निवास टिकतो आणि गावातल्या ज्या घरांकडे मोठी जागा किंवा समुद्राजवळची वाडी नाही, त्यांच्याही हाती पैसा जातो. तिसऱ्या प्रकारात दुसरी अट मोडते, चौथ्यात पहिली. पाटी मात्र चारही ठिकाणी 'घरगुती'च राहते.

येथे रास्त आक्षेप निघतो. लॉज झाले तर बिघडले काय? सुनेची चुलीतून सुटका झाली, आचाऱ्याला काम मिळाले, पाहुण्याला हवे ते मिळाले. हा आक्षेप अर्धा मान्य करावा लागतो. बाईने आयुष्यभर विनामोबदला पोळ्या लाटाव्यात आणि शहरी माणसाने त्याला अस्सलपणा म्हणावे, यात जपण्यासारखे काही नाही. पण बहुतेक ठिकाणी सुटका आधी होत नाही. आधी कर्ज काढून खोल्या वाढतात, काही हंगाम त्याच दोघी वाढलेली ताटे ओढतात आणि त्यांची कंबर बसल्यावर आचारी येतो. शिवाय वारसाचा प्रश्न आहे. बांधकामाचे कर्ज पंधरा वर्षांचे असते आणि ते काढताना चूल सांभाळणारी बाई पन्नाशीत असते. तिची मुलगी पुण्यात नोकरीला, सून येईल तीही बहुधा नोकरी करणारी. हप्ते संपण्याआधी हात थकणार हे उघड असते, पण बँकेच्या अर्जात त्याला रकाना नसतो.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनातून चार गोष्टी निघतात. घरगुती निवासाची नोंदणी करताना खोल्यांबरोबर रांधणारे हात, शेगड्या आणि मे महिन्यातली विहिरीची पातळी यांचीही नोंद हवी. कर्ज आणि अनुदान खोलीसाठी मिळते तसे सामायिक स्वयंपाकघरासाठी मिळावे, म्हणजे चार घरांच्या पाहुण्यांना जेवण एका ठिकाणी, पगारी हातांनी आणि तरीही गावच्या चवीचे मिळेल. ताटाच्या दरात घरातल्या बाईचा रोज धरावा आणि तो तिच्या खात्यात जावा. तसे केले की ताट महाग होईल, आणि पाचव्या खोलीचा मोह हिशेबातच गळेल.

चौथी गोष्ट पाहुण्याची. पानांचा आकडा दुपारी सांगणे, एकच ताट गोड मानून घेणे, बादलीने अंघोळ करणे आणि ताटाच्या दरावर घासाघीस न करणे, एवढ्यावर त्याचे कर्तव्य संपते. मुक्कामाची जागा निवडताना खोलीचे फोटो मागण्याऐवजी त्याने फोनवर एकच प्रश्न विचारावा : जेवण कोण करते? समोरून एखाद्या बाईचे नाव आले, तिच्या मदतीला कोण आहे हेही सांगता आले, तर ते घर आहे. नुसतेच "सगळं मिळेल" असे उत्तर आले, तर ते लॉज आहे, आणि लॉजचे दर लॉजसारखेच मोजून घ्यावेत.